जागच्या जागी असलेला पंप ऐरोलीस गेल्याबाबत

अर्जदार : या ओळींचा लेखक. धंदा अर्जलेखन. शाळेतले शिक्षण नववीपर्यंत, पुढचे लोकांच्या तक्रारींवर. राहणार मुलुंड पूर्व.

पीडित : अर्जदाराचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा पंप ऑपरेटर. राहणार विक्रोळीची चाळ, मूळ गाव मालवणाकडे.

सामनेवाले : एक, अंधेरीच्या काचेच्या इमारतीतील कंपनी, जी ठिकठिकाणी पंप बसवून चालवते. दोन, त्या कंपनीच्या भिंतीवरील स्क्रीन. तीन, आकाशात फिरणारे उपग्रह, ज्यांचा पत्ता मागूनही मिळाला नाही.

घटनास्थळ : विक्रोळी पूर्व, हायवेपलीकडे, खारफुटीच्या कडेचे एका बंद कारखान्याचे आवार.

दिनांक : गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून आजतागायत.

साक्षीदार : चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारा एक म्हातारा कोळी, गेटबाहेर चहा विकणारी एक मावशी, आणि काही कावळे, ज्यांची जबानी घेण्याची तसदी कोणी घेतली नाही.

नावे मी मुद्दाम गाळली आहेत. नाव लिहिले की माणूस चिडतो आणि उत्तर देत नाही. पद लिहिले की निदान खुर्ची अस्वस्थ होते. हा माझा या धंद्यातला अनुभव आहे आणि तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही.

माझे टेबल मुलुंडच्या एका सरकारी कचेरीच्या जिन्याखाली आहे. रेशनकार्डावरचे नाव, नळाची जोडणी, शेजाऱ्याने गॅलरीत पाळलेली कबुतरे, बंद पडलेली लिफ्ट, या सर्व विषयांवर माझे अर्ज या उपनगरांतील बहुतेक कचेऱ्यांत पोचलेले आहेत. त्यांतील काही वाचलेही गेले आहेत. मात्र उपग्रहांविरुद्ध अर्ज लिहिण्याचा योग या वयात येईल असे वाटले नव्हते. हा योग साडूने आणला.

एरवी साडू रविवारी आमच्याकडे येतो तो पिशवीत बांगडे घेऊन. त्या रविवारी तो मेमो घेऊन आला. मागून मेहुणी. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "भावोजी, ह्यांका चोर म्हणतत."

"चोर? काय चोरलं?"

"पंप," साडू म्हणाला.

"केवढा पंप?"

त्याने आमच्या दाराच्या चौकटीकडे पाहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "ह्या दारातसून आत येवचो नाय, येवढो."

आतून, पोळ्या लाटता लाटता, माझी बायको म्हणाली, "मगे ठेवलात खय? चाळीच्या गॅलरीत?"

एरवी या विनोदावर साडू सगळ्यांत आधी हसला असता. तो हसला नाही. तेव्हा मी चष्मा लावला.

मेमोत दोन आरोप होते. पहिला असा की, कंपनीचा पंपसंच ऑपरेटरने परवानगीवाचून नेमलेल्या हद्दीबाहेर, म्हणजे खाडी ओलांडून ऐरोलीस नेला, आणि असे एकदा नव्हे तर वारंवार केले. दुसरा असा की, त्याच काळात ऑपरेटर पंपापाशी हजर नव्हता. खुलासा समाधानकारक नसल्यास कामावरून कमी करण्यात येईल. खाली सही नव्हती. हा मेमो संगणकाने तयार केला असल्याने सहीची आवश्यकता नाही, असे मात्र आवर्जून लिहिले होते. आरोप करणाऱ्याला हात नसला की सही लागत नाही, ही सोय आमच्या काळी नव्हती.

"तू पंप ऐरोलीला नेलास?"

"भाऊ, माका सायकल चलवूक येणा नाय."

"मग तू कुठे होतास?"

"थयच. पंपाक टेकान बसलेलंय. दुसरी खुर्ची खय आसा थय?"

त्याचे या वर्षी कायम व्हायचे चालले होते. गिरणीतून बाहेर पडलेल्या त्याच्या वडिलांना पुन्हा कायमची नोकरी मिळाली नाही. घरात कायम हा शब्द येणार तो आता याच्या नावापुढे. तो शब्द आणि चोर हा शब्द एकाच कागदावर मावत नाहीत. एवढी एकच गोष्ट या सर्व प्रकरणात पणाला लागली होती, आणि ती कंपनीच्या स्क्रीनवर कोठेही दिसत नव्हती.

अर्ज लिहिण्यापूर्वी जागा पाहावी, हा माझा नियम आहे. मी विक्रोळीला गेलो.

ज्यांनी हे आवार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखाना कधीच बंद झाला आहे. त्याची जमीन सखल आहे. भरतीला नाल्यातून खाडीचे पाणी आत येते आणि वेळीच उपसले नाही तर आवारातून गेटपर्यंत चढते. त्यासाठी जमीनमालकाने या कंपनीला उपशाचे काम दिले आणि कंपनीने तिथे डिझेलवर चालणारा पंप बसवला. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेला. त्या बोल्टांचा आणि नटांचा गंज आता एकजीव झालेला आहे. हा पंप हलवायचा तर ओटा फोडावा लागेल, आणि ओटा फोडायचा तर आधी क्रेन लागेल, आणि क्रेन आणायची तर गेट पाडावे लागेल. साडूने एवढे सगळे करून, वारंवार करून, प्रत्येक वेळी पुन्हा जसेच्या तसे बांधून ठेवले असेल, तर त्याला चोर म्हणण्याऐवजी पुलांच्या कामावर घ्यायला हवे.

पंपाच्या माथ्यावर एक पांढरी डबी आहे. ही डबी आकाशातील उपग्रहांना विचारते की मी कुठे आहे, आणि मिळालेले उत्तर आतल्या सिमकार्डाच्या आधारे अंधेरीला कळवते. ऑपरेटरची हजेरीही याच डबीवरून लागते: त्याच्या खिशातला मोबाइल पंपाजवळ असेल तर हजर, नसेल तर गैरहजर. म्हणजे पंप ऐरोलीला गेला, की विक्रोळीत त्याच पंपाला पाठ टेकून बसलेला माणूस आपोआप खाडीएवढा दूर जातो. माणसाला पंपाजवळ ठेवण्यासाठी केलेली ही व्यवस्था किती अचूक आहे, याची मला तिथे उभे राहिल्यावर कल्पना आली.

कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. तरुण, चांगला मुलगा, दर वाक्याला मोबाइलकडे पाहणारा.

"काका, तुम्ही वकील का?"

"नाही. वकिलांना काय लिहावं ते सांगणारा."

"हां. मग बोला."

"तुमचा हात आत्ता कशावर आहे?"

"पंपावर."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"विक्रोळीत. असं काय विचारताय?"

"मग पंप कुठे आहे?"

त्याने मोबाइल पाहिला. बोटांनी नकाशा मोठा केला. "आत्ता... ऐरोली दाखवतंय."

"आणि तुमचा हात?"

"काका, तुमचं बरोबर आहे हो. पण रिपोर्ट अंधेरीला जातो ना. तिकडे जे दिसतं तेच धरतात. मी इकडे बघून काय उपयोग?"

इतका प्रामाणिक माणूस मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. हाताखाली पंप, समोर पंप, कानात पंपाचा आवाज, आणि तरीही अंधेरीचे मत विचारात घेणारा.

मग मी माझे हत्यार बाहेर काढले. उपग्रह येण्याच्या आधीपासून आपल्याकडे जागा ठरवण्याची एक रीत आहे. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो, वाटणी असो, मिळकतीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहायचे. तिला चतुःसीमा म्हणतात. तिला रेंज लागत नाही. मी पंचनामा लिहायला घेतला: सदर पंपाच्या पूर्वेस खारफुटी व त्यापुढे खाडी, पश्चिमेस बंद कारखान्याची भिंत, उत्तरेस नाला, दक्षिणेस आवाराचे गेट व त्याबाहेर चहाचे बाकडे. पंप ओट्यास आवळलेला, स्थिर, चालू. निगा उत्तम, माथ्यावर कावळ्यांच्या उपद्रवापासून संरक्षणार्थ ॲल्युमिनियमचा टोप उपडा घालून सुंभाने बांधलेला. जे दिसले ते सर्व लिहिले. पंचनामा म्हणजे निवड नव्हे.

पंच म्हणून म्हातारा कोळी मिळाला. होडी बांधून चिंबोऱ्यांची टोपली घेऊन तो वर येतच होता. प्रकरण ऐकून तो पंपाकडे जरा नाराजीने बघत राहिला.

"रोज जातंय पलीकडं? आन् मना सांगत पन नाय? मना घेऊन गेला असता त होडीचा डिझल वाचला असता."

"आजोबा, तुम्ही रोज येता. पंप जागेवर असतो की नाही, एवढंच सांगा."

"नसला त आमच्या चिंबोऱ्या कारखान्यात शिरतील रे. मंग काय, तुझ्या साडूनं पकडायच्या?"

दुसरी पंच चहावाली मावशी. तिने बोलण्याआधी स्टोव्ह दाखवला. "हे लिहा. स्टोव्ह कोरडा आहे. पंप एक भरती जरी बाहेर गेला असता तर पाणी इथं, माझ्या बाकड्याच्या पायाला लागलं असतं. तुमचे ते सॅटेलाइट काय सांगतात ते सांगोत, माझा स्टोव्ह काय सांगतोय ते ऐका."

मी तसेच लिहिले. दोघांच्या सह्या घेतल्या.

खुलाशासाठी आम्हाला अंधेरीला बोलावले. काचेची इमारत, थंडगार खोली, भिंतभर स्क्रीन, आणि तीवर सगळ्या शहराचे पंप हिरव्या ठिपक्यांनी. आमचा ठिपका लाल होता आणि ऐरोलीत होता. समोर एक साहेब, अत्यंत सभ्य. बाजूला एक इंजिनिअर मॅडम, माझ्या मुलीच्या वयाची. आणि भिंतीला लागून सुपरवायझर, ज्याने आम्हाला ओळखल्याचे दाखवले नाही.

मी उभा राहून बोललो. बसून बोललेले कोणी लिहून घेत नाही.

"साहेब, पहिला आरोप असा की माझ्या साडूने पंप ऐरोलीस नेला. दुसरा असा की तो त्या वेळी पंपापाशी नव्हता. आता त्याने पंप नेला असेल, तर तो पंपापाशी होता. आणि तो पंपापाशी नव्हता, तर पंप नेला कोणी? कंपनीने दोहोंपैकी एक गुन्हा निवडावा, अशी नम्र विनंती आहे."

साहेबांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "काका, ते दोन वेगळे मॉड्यूल आहेत. ॲसेटचं वेगळं, हजेरीचं वेगळं. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत."

"माणसाशी तरी बोलतात का?"

"तुमच्याकडे पंपाचे अक्षांश-रेखांश आहेत?"

"चतुःसीमा आहेत."

मी पंचनामा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "हे सिस्टीममध्ये कुठे टाकायचं? पूर्वेस खाडी, याला रकाना नाहीये."

ज्या चार ओळींवर या शहरातील प्रत्येक इमारत उभी आहे, ही काचेची धरून, त्या चार ओळींना सिस्टीममध्ये जागा नाही, हे ऐकून मला वाईट वाटले. पण इमारत पडली नाही, म्हणून पुढे चाललो.

मग मॅडमने साडूला विचारले, "काका, एक सांगा. त्या पांढऱ्या डबीला वरून आकाश दिसतं ना? मोकळी आहे ना ती?"

साडूचा चेहरा खुलला. त्या खोलीत त्याला कोणी पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारत होते.

"मोकळी कशी ठेवतलंय, मॅडम? कावळे घाण करीत. चोच मारीत. मी घरचो टोप घातलंय तिच्यार. नवो, ॲल्युमिनचो. घट बांधलंय."

"वरून? पूर्ण?"

"पूर्ण. पावसाचो थेंब जावचो नाय."

मॅडमने दोन्ही हातांनी डोके धरले. "यार... थेंब काय, सिग्नलपण जाणार नाही ना काका!"

मग तिने मला समजावले, आणि चांगले समजावले. डबीवर धातू आला की तिला उपग्रह दिसत नाहीत. ते दिसले नाहीत की ती मोबाइलच्या टॉवरला विचारते. सिमची रेंज टोपाच्या काठाखालून, आडवी, कशीबशी पोचते. पण अलीकडे कारखान्याची भिंत आणि पलीकडे मोकळे पाणी. त्यामुळे खाडीपलीकडचा टॉवर आधी उत्तर देतो. तो टॉवर ऐरोलीत आहे. म्हणून पंप ऐरोलीत.

"टोप काढून बघू या?" ती म्हणाली.

साहेबांनी पंपावरच्या बदली ऑपरेटरला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. लागला आणि तुटला. शहरातील प्रत्येक पंपाचा श्वास मोजणाऱ्या त्या खोलीतून विक्रोळीच्या एका माणसाला दोन शब्द सांगता येत नव्हते. शेवटी मी माझ्या मोबाइलवरून चहावाल्या मावशीला फोन केला. ती बाकड्यावर उभी राहून बोलते, म्हणून तिला रेंज मिळते.

"मावशी, पंपावरचा टोप काढायला सांगा त्याला."

"काढते मीच. तो झोपलाय."

बदली ऑपरेटर हजर होता की गैरहजर, याविषयी स्क्रीनने काहीच मत दिले नाही.

आम्ही वाट पाहत बसलो. चहा आला. लाल ठिपका ऐरोलीत लुकलुकत होता. साडूने चहाला हात लावला नाही. दोन्ही पंजे गुडघ्यांवर, नजर भिंतीवर. मग ठिपका एकदम नाहीसा झाला आणि विक्रोळीत, नाल्याच्या दक्षिणेस, गेटच्या उत्तरेस, हिरवा होऊन उमटला.

"आला!" मॅडम खुर्चीतून उठली.

साडूने स्क्रीनला हात जोडले. साहेबांनीही माझ्याशी हात मिळवला. चोरीचा आरोप मागे घेत असल्याचे त्यांनी तिथल्या तिथे टाइप केले. हा क्षण मी अर्जलेखक म्हणून जपून ठेवला असता, पण साहेबांची बोटे टाइप करायची थांबली नाहीत.

"काका, चोरी नाही हे क्लिअर झालं. पण मग उपकरण झाकून ठेवणं... हे टॅम्परिंग होतं. त्याची चौकशी लावावी लागेल. चौकशीपर्यंत कामावरून दूर."

"त्याने काळजी म्हणून झाकलं, साहेब!"

"झाकलं हे तर तुमच्याच पंचनाम्यात आहे."

होते. मीच लिहिले होते, सुंभासकट. खरे लिहिले होते आणि आजही तसेच लिहीन. पण खरे लिहिल्याचे बक्षीस इतक्या तत्परतेने हातात पडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मी सुपरवायझरकडे वळलो. साडूने मला सांगितले होते की टोप घातल्यावर याच मुलाने त्याचा फोटो काढून ऑपरेटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, वर 'अशी निगा सगळ्यांनी राखा' असे लिहून. अंगठे आले होते. साहेबांचाही अंगठा आला होता.

"तुम्हीच कौतुक केलं होतंत ना?"

तो भिंतीला अधिक चिकटला. "मी स्वच्छतेचं कौतुक केलं होतं, काका. टोपाचं नाही."

डबी झाकू नये, असे साडूला बसवताना कोणी सांगितले होते का, असे मी विचारले. साहेबांनी मॅडमकडे पाहिले, मॅडमने सुपरवायझरकडे, सुपरवायझरने मोबाइलकडे. मोबाइलने उत्तर दिले नाही. मॅडम हळूच म्हणाली, "सर, डबीवर लिहायला हवं होतं खरं तर." तिचे वाक्य नोंदवले गेले नाही. त्यालाही बहुधा रकाना नसावा.

तेव्हापासून साडू घरी आहे. चाळीत पहिले काही दिवस पोरे त्याला विचारत, "काका, आज ऐरोलीक जाणार की नाय?" तो हसून सोडून देई. आता तो खाली उतरायचेच टाळतो. मेहुणी म्हणते, "जेवतत, पण ताटाकडे बघीत नाय." वडिलांनी गिरणी सुटल्यावर असेच केले होते, असे तिने सांगितले. ज्या माणसाला काम नाही म्हणून घरी बसवले त्याला एक दुःख. ज्याला काम नीट केले म्हणून बसवले त्याला काय म्हणावे, याचा शब्द माझ्या अर्जांच्या भाषेत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. माझे त्या बाजूला जाणे होते तेव्हा मी मावशीकडे चहा घेतो. नवा ऑपरेटर तिथे बसतो. डबी उघडी आहे, कावळे तिच्यावर निवांत असतात. एकदा ढग दाटलेले, भरती आलेली, आणि सुपरवायझर मोबाइलकडे बघत बघत म्हणाला, "हं. परत गेला."

"कोण?"

"पंप. ऐरोलीला."

मी कप खाली ठेवला. "टोप नाहीये."

"नाही ना. वर हाय टेन्शनच्या तारा, हवा अशी. होतं कधी कधी. आधीपण व्हायचं बहुतेक."

"मग आता नव्या माणसाला मेमो?"

"छे! काका, हे टेक्निकल आहे."

मी त्याच संध्याकाळी साहेबांना फोन करून खात्री केली. त्यांनी तोच शब्द वापरला, तितक्याच सभ्यपणे. टेक्निकल. साडूच्या वेळी पंप ऐरोलीला गेला तेव्हा ती चोरी होती, मग गैरहजेरी, मग छेडछाड. आता तोच पंप, त्याच खाडीवरून, त्याच ऐरोलीला जातो, आणि नवा ऑपरेटर मजेत आहे. त्याने तसेच राहावे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. चौकशीचे काय झाले, असे विचारल्यावर साहेब म्हणाले की ती प्रलंबित आहे. ती कोठे प्रलंबित आहे हे दाखवणारा ठिपका त्यांच्या भिंतीवर नाही.

मी त्यानंतर कंपनीस अर्ज केले. कंपनी अर्ज कागदावर घेत नाही, ॲपवर घेते. ॲप आधी तुमचे ठिकाण विचारते. माझे टेबल जिन्याखाली आहे. तिथून आकाश दिसत नाही. ॲपने मला कळवले की माझे ठिकाण निश्चित करता येत नसल्याने माझी तक्रार स्वीकारता येत नाही. मी कचेरीबाहेर, रस्त्याच्या मधोमध, रिक्षांच्या शिव्या खात उभा राहून ती पुन्हा भरली. ती पोचल्याची पावती आली. त्यापुढे काही आले नाही. म्हणून हे सर्व येथे, कागदावर, छापून येईल अशा बेताने लिहिले आहे.

सबब, सामनेवाल्यांस पुढीलप्रमाणे विनंती करण्यात येते. पंप ऐरोलीस जाणे हा ज्या दिवसापासून तांत्रिक प्रकार ठरला, त्या दिवसापासून तो माझ्या साडूच्या बाबतीतही तांत्रिकच धरावा. त्यास त्याच पंपावर, त्याच ओट्याशी परत बोलवावे, आणि कायम करण्याचे जे काम अर्धवट राहिले ते पुरे करावे. ऑपरेटरांच्या ज्या ग्रुपवर मेमो फिरला आणि चोर हा शब्द सर्वांना कळला, त्याच ग्रुपवर तो चुकीचा होता असे लिहावे. तितके अंगठे आले नाहीत तरी चालेल. डबी झाकू नये, ही सूचना डबीवर मराठीत लावावी, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरात जेवताना ताटाकडे न पाहणारा माणूस तयार होणार नाही.

उत्तर उपग्रहाकडून, स्क्रीनकडून वा ॲपकडून आल्यास ते स्वीकारले जाणार नाही. ते एखाद्या हयात व्यक्तीने, स्वतःच्या हाताने सही करून, साडूच्या विक्रोळीच्या पत्त्यावर पाठवावे. घर चाळीच्या टोकाला आहे. पूर्वेस जिना, पश्चिमेस नळ. पोस्टमनला ते नेहमी सापडते. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत साडू आणि मी आहोत.

आपला,
अर्जदार